गौरी-गणपती वेगळ्या पद्धतीने कोणी केलेत का? काय जमलं, काय फसलं?

मधली_सून
नमस्कार मंडळी. विषय जुनाच आहे, पण यंदा आमच्या घरातच पेटलाय म्हणून नवा धागा काढतेय.

आमच्याकडे गौरींबरोबर जाणारा गणपती आणि उभ्या, मुखवट्याच्या गौरी. सगळं साताऱ्याच्या मूळ घरी. थोरले दीर-जाऊबाई तिथेच राहतात, आम्ही पुण्यात, धाकटे दीर बंगळुरात. सासूबाईंचे गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरत होते, यंदा त्यांनी सांगून टाकलं, "मला आता झेपत नाही. पण बंद करायचं नाही." त्यावर इतकी वर्षं अवाक्षर न काढणाऱ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, की गौरीजेवणाचा पन्नास पानांचा स्वयंपाक त्याही एकट्या रेटणार नाहीत. (मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.)

झालं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचनांचा पूर आलाय. दीड दिवसाचा करा. धातूची मूर्ती आणा. दरवर्षी एकेका भावाकडे फिरवा. केटररला सांगा. धाकट्या दिरांचं म्हणणं, सगळ्यांनी मिळून एखादं घर भाड्याने घेऊन तिथेच बसवू, म्हणजे सहलही होईल. सासरे काहीच बोलत नाहीत, नुसते निळ्या खुणा करतात.

मला तात्त्विक चर्चा नकोय. ज्यांनी खरंच काही वेगळं केलं, त्यांचं पुढच्या वर्षी काय झालं ते सांगा.

खोबरं_गूळ
आधी मोदक कोण वळणार ते ठरवा. बाकी सगळे ठराव एकमताने पास होतात.

टिवल्याबावल्या
निळ्या खुणा म्हणजे मूकसंमती समजू नका. आमच्या सासऱ्यांनी दोन महिने निळ्या खुणा करून ऐन हरतालिकेला तोंड उघडलं होतं.

जुनाजाणता
मी या धाग्यावरचा खलनायक होणार हे दिसतंय, तरी लिहितो.

दिवस कमी करायला काहीच हरकत नाही. दीड, पाच, सात, अनंत चतुर्दशीपर्यंत, हे घराण्यागणिक वेगळंच असतं. मूर्ती केवढी असावी, आरास किती असावी, याचंही कुणाला काही पडलेलं नसतं. एका सुपारीवर गणपती पूजता येतो. पण तो फिरवू नका. आमच्या वडिलांच्या पिढीत गणपती वाईच्या घरातून ठाण्याच्या फ्लॅटमध्ये आला, कारण सोयीचं होतं. पहिल्या वर्षी सगळे आले. मग चुलतभाऊ संध्याकाळी आरतीपुरते यायला लागले, मग एक दिवस फोटो मागवायला लागले. वाईचं घर विकलं गेलं तेव्हा कुणाला फारसं वाईटही वाटलं नाही. गणपती हलला की माणसं हलतात. देव कोपतो वगैरे मी म्हणत नाही.

वेंगुर्ल्याचो_झील
जुनाजाणता, तुमचं पटलं, पण फिरवण्याचे दोन प्रकार आहेत.

आमच्याकडे घर तेच, गणपती तोच, पाळी फिरते. चार भावांच्या चार चुली, दर वर्षी एकाची पाळी. पाळीवाल्याने मूर्ती, भटजी, माटवीचं (गणपतीच्या वर टांगायच्या चौकटीचं) सामान, भजनी मंडळींचा चहा-उसळ, सगळं बघायचं. बाकीचे त्या वर्षी पाहुणे. म्हणजे नावाला पाहुणे, काम करतातच, पण कटकट ज्याची त्याची. घर वर्षभर कुलुपात असतं, त्यामुळे पाळीवाल्याने आठ दिवस आधी जाऊन झाडलोट करायची हाही करार आहे. "गणपतीक घराक येवकच व्हया" हे वाक्य आम्ही जन्मल्यापासून ऐकतोय, त्यामुळे न येण्याचा प्रश्नच नाही. प्रश्न तिकिटाचा. रेल्वेचं आरक्षण आधी १२० दिवसांवर उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवसांवर आलं. युद्ध तेच, फक्त तारीख पुढे गेली.

आणखी एक. पाळी सुरू झाल्यावर पहिल्यांदा आमच्या काकांना कळलं की समईची वात कुठल्या डब्यात असते.

पाटावरवंटा
@मधली_सून, दीड दिवसाचा करून तुमचं काम कमी होणार नाही. तुमच्याकडे गौरी आहेत. त्या नक्षत्रावर येतात: अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मुळावर विसर्जन. गणपती दुसऱ्या दिवशी गेला तरी पन्नास पानांचा दिवस जागच्या जागी राहतो. उलट दोनदा आवराआवर. आमच्याकडे हा शहाणपणा करून झालाय.

पानं कमी करा. खरा भार तिथे आहे.

नागपुरी_तर्री
आमच्याकडे ह्या महालक्ष्म्या. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, कढी, वडे, आणि जेवणाला बोलावलेले लोक रात्री आठला येऊन "आम्ही थोडंच घेऊ" म्हणणारे. माझ्या आईनं सासूच्या माघारी पहिल्याच वर्षी सोळा भाज्या एकत्र करून एकच भाजी केली. नातेवाईकांत इतकी चर्चा झाली की विचारू नका. तिचं उत्तर एकच होतं, "सोळा आहेत, मोजून घ्या." आता आमच्या भावकीत चार घरी तसंच होतं आणि प्रत्येक घर सांगतं की आमच्याकडे पहिल्यापासून असंच आहे.

टिवल्याबावल्या
"पहिल्यापासून" म्हणजे आजी सांगते तिथपासून. त्याआधीचं कुणी पाहिलंय?

वेंगुर्ल्याचो_झील
आणि आमच्याकडे कित्येक घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो, मटण-वडे. घाटावरच्या माणसाला हे सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. त्याला वाटतं आम्ही काहीतरी आधुनिक करतोय.

कोकणस्थ_तरी_खर्चिक
आमच्या गौरी म्हणजे पाणवठ्यावरून आणलेले खडे. पाच किंवा सात. साडी नाही, मुखवटे नाहीत, उभं करायला स्टँड नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी यापेक्षा सोयीचं काही नाही. 🙂

मधली_सून
खडे सुचवले तर माझी नणंद मला नदीतच सोडेल. मुखवटे त्यांच्या पणजीच्या काळातले आहेत.

पाटावरवंटा, हे नक्षत्राचं बरं सांगितलंत. मी ग्रुपवर टाकलं, दीड दिवसाची सूचना तिथल्या तिथे गळाली.

सातासमुद्रापार
आमच्याकडे सगळंच वेगळं, पर्यायच नसतो. चतुर्थी बुधवारी आली की घरी साधी पूजा आणि मंडळाचा गणपती शनिवारी. स्थापना सकाळी, विसर्जन दुसऱ्या दिवशी दुपारी, कारण हॉल सहाला रिकामा करायचा असतो. नदीत काही सोडायला परवानगी नाही, म्हणून घरचं विसर्जन बादलीत. पोरांना बादली म्हणजेच विसर्जन वाटतं. गेल्या वर्षी भारतात आलो तेव्हा धाकट्याने हौद बघून विचारलं, "एवढी मोठी बादली?"

जुनाजाणता
तिथी हलवायची हे मात्र मला पचत नाही. अडचण असली तर त्या वर्षी लोप करावा, सुतक आलं तर आपण करतोच की. पण शनिवार आहे म्हणून चतुर्थी?

पेणकर
काका, जरा थांबा. आमच्याकडे पेण, पनवेल, उरण या पट्ट्यात साखरचौथीचा गणपती असतो. भाद्रपदातल्याच संकष्टीला, म्हणजे चक्क पितृपक्षात. अनंत चतुर्दशीला सगळ्यांचे गणपती गेले की आमच्याकडे वाजतगाजत येतात. मूर्ती घडवणारी मंडळी ऐन चतुर्थीपर्यंत दुसऱ्यांच्या गणपतीत अडकलेली असायची, स्वतःच्या घरचा बसवायला उसंत मिळायची ती नंतर, असं कारण सांगतात. म्हणजे कामाच्या वेळापत्रकावरून तिथी पुढे गेली आणि आता तीच परंपरा आहे. कुणी त्याला वेगळी पद्धत म्हणत नाही.

जुनाजाणता
साखरचौथ ऐकून होतो, कारण माहीत नव्हतं. पण तुम्हीही तिथीच धरलीत, शनिवार नाही. चतुर्थीवरून चतुर्थीवर गेलात.

पेणकर
हे मान्य. अर्धा गुण तुम्हाला.

रसायनी
विसर्जनाचा विषय निघालाच आहे म्हणून. घरात पीओपीची मूर्ती आली असेल (कुणीतरी भेट देतंच), तर अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात घरीच विरघळवता येते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत दिली आणि महापालिकेने त्याची पावडर वाटली होती. खाली कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो आणि वर राहतं ते अमोनियम सल्फेटचं पाणी, म्हणजे खतच. पातळ करून झाडांना घालता येतं. अधूनमधून ढवळावं लागतं आणि वास असा येतो की दोन दिवस बाल्कनीचं दार उघडायचं नाही.

सुगरण_नसलेली
तो वास! तोच पदार्थ बेकरीत नानकटाई फुलवायला वापरतात हे कळल्यापासून मी नानकटाईकडे संशयाने बघते.

शाडूप्रेमी
पीओपी आणायचीच कशाला?

रसायनी
नकाच आणू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या नियमावलीत पीओपीला मनाई केली होतीच, आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सहा फुटांपर्यंतच्या पीओपीच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायला सांगितलं. सहा फुटांची मूर्ती घरी कोण बसवतं? म्हणजे घरचे गणपती सगळे आलेच त्यात. पण शाडू म्हणजे एकदम निर्मळ असंही नाही. ती माती बरीचशी गुजरातेतून, भावनगरकडून येते आणि टनावारी ओढ्यात गेली की तळाशी गाळच होतो. मूर्ती लहान करणं हाच त्यातला खरा उपाय.

हिरवागार
आम्ही बी घातलेली मातीची मूर्ती कुंडीत विसर्जित करतो. पहिल्या वर्षी तुळस येईल म्हणून सांगितलं होतं, आली भेंडी. सासूबाई त्या भेंडीची भाजी करू देईनात. शेवटी शेजाऱ्यांना दिली, त्यांनी काही न विचारता खाल्ली.

टिवल्याबावल्या
प्रसाद म्हणून द्यायची होती.

दारची_जास्वंद
धागा भरकटतोय, पण मलाही वेगळंच सांगायचंय.

माझी मोठी जाऊ चार वर्षांपूर्वी गेलेल्या दिरांच्या मागे एकटी आहे. तोवर गौरींचे मुखवटे तीच सजवायची, हात सोन्याचा. दीर गेल्यावर त्या वर्षी कुणी काही बोललं नाही, पण साड्या आणायला कपाटाजवळ ती गेली नाही आणि कुणी बोलावलंही नाही. पुढच्या वर्षी मी ठरवलं की ती नाही तर गौरी उभ्याच करायच्या नाहीत. मला वाटलं होतं विरोध सासूबाईंकडून होईल. झाला तो तिच्याकडूनच. "कशाला उगाच, लोक बोलतील, मुलींची लग्नं व्हायचीत." सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मुखवटे तुझ्याशिवाय कुणाला नीट बसवता येतात? गेल्या वर्षी धाकटीची मान वाकडी होती."

एवढंच कारण पुरलं. समतेबद्दल कुणी अक्षर बोललं नाही. हळदीकुंकवाला मात्र ती अजून आतल्या खोलीत जाते. मे २०२२ मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाडने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि मग सरकारने तसं परिपत्रकही काढलं, ते मी तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "छान आहे," आणि उठून आत गेली. तर मी यंदा कुंकू ठेवणार नाही. अत्तर, गजरा आणि वाण सगळ्यांना. बघू.

पाटावरवंटा
दारची_जास्वंद, अत्तर-गजऱ्याचं आम्ही करतो. बायका पहिल्या वर्षी एकमेकींकडे बघतात, दुसऱ्या वर्षी अत्तर कुठून आणलं ते विचारतात.

जुनाजाणता
मान वाकडी होती! तुमच्या सासूबाईंना नमस्कार सांगा.

उकडीचा_बळी
पुरुषांच्या स्वयंपाकाचा अनुभव लिहितो. आम्ही पाच मावस-मामे-चुलत भावांनी गेल्या वर्षी गौरीजेवण आपल्या अंगावर घेतलं. अट अशी की बायकांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. त्यांनी अट पाळली. दारात उभ्या राहून सूचना दिल्या. "उकड गार होतेय", "तेल लाव हाताला", "कळ्या अशा नाही रे", "तो मोदक आहे की गाठोडं?" आम्ही २१ नैवेद्याचे मोदक कसेबसे सोज्वळ केले. उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या केल्या, कारण निवगरीला कळ्या लागत नाहीत. पुरणपोळ्या एका घरगुती बाईंकडून आणल्या होत्या, त्यांचं कुणी नाव काढलं नाही, बहुतेक चांगल्या होत्या म्हणून.

पण खरा फरक आवरताना कळला. आम्ही स्वयंपाक केला आणि पसरलेली भांडी बघून आपापसांत म्हणालो, हे आता कोण घासणार? तेवढ्यात आत्या मागून म्हणाली, "हाच प्रश्न मला चाळीस वर्षं पडतोय." यंदा पानं निम्मी केली आहेत. हा ठराव पुरुषांनी मांडला हे नमूद करावं.

खोबरं_गूळ
मी पहिल्याच प्रतिसादात काय म्हटलं होतं?

लेक_पूजा_सांगते
आमच्याकडे भटजींची वेळ पहाटे साडेचारची मिळायची, कारण त्यांना त्या दिवशी अनेक घरं असतात. बाबा पेंगत सोवळ्यात, आम्ही पेंगत आरतीला. मग आईनं ज्ञान प्रबोधिनीचा पौरोहित्याचा वर्ग केला आणि आता प्राणप्रतिष्ठा तीच सांगते, मधे मधे मराठीत अर्थासकट. पूजेला मी आणि भाऊ दोघं बसतो. आजोबांची एकच तक्रार: "आधीची पूजा वीस मिनिटांत व्हायची, आता अर्थ कळतो म्हणून तास लागतो."

बंद_केला_आम्ही
कुणीच लिहीत नाहीये म्हणून. आम्ही बंद केला. आई गेल्यावर दोघं भाऊ भांडून नाही, अगदी बसून ठरवून. मूर्ती आणत नाही, चतुर्थीला देव्हाऱ्यातल्या गणपतीला दूर्वा आणि पाच मोदक. पहिल्या वर्षी भकास वाटलं, खोटं कशाला सांगू. मग भावाने सुचवलं की त्या दिवशी सगळ्यांनी एकत्र तर जमायचंच. आता जमतो, पत्ते खेळतो, आईच्या चाली लावून आरत्या म्हणतो. "सुखकर्ता"च्या दुसऱ्या कडव्यात सगळे अडखळतो तिथे अजूनही अडखळतो. मुलांना विचारलं तर ती म्हणतात आमच्याकडे गणपती असतो.

सातासमुद्रापार
दुसऱ्या कडव्यात अडखळणं हा आंतरराष्ट्रीय प्रश्न आहे. तिसऱ्यातल्या "संकटी पावावे"ला "संकष्टी" म्हणणारे आणि न म्हणणारे यांच्यात इथे दोन मंडळं झाली आहेत.

टिवल्याबावल्या
आता कुणीतरी सार्वजनिक गणपती १८९२ चा की १८९३ चा हेही काढा, म्हणजे धागा दोनशे प्रतिसाद ओलांडेल.

जुनाजाणता
पुणेकर झोपलेत तोवर पुढे चला.

भाड्याचं_घर
मधली_सून, तुमच्या धाकट्या दिरांच्या सूचनेवर कुणी लिहिलं नाही. आम्ही केलंय. डोंगरात एक बंगला घेतला, बावीस माणसं. मूर्ती मांडीवर घेऊन गाडीत चार तास. पोचल्यावर कळलं की त्यांच्याकडे पाट नाही, ताम्हण नाही, मोदकपात्र नाही आणि मालकांनी धूप लावायला मनाई केली कारण वरचा धुराचा गजर वाजतो. गणपती कॅरमबोर्डवर बसला. मुलांना ही आजवरची सर्वांत भारी चतुर्थी वाटली. आमच्या सासूबाई दोन दिवस खुर्चीत बसून होत्या आणि परत येताना म्हणाल्या, "मी पाहुणी होते." त्या खूश होत्या की नाराज, यावर घरात आजही दोन तट आहेत.

मधली_सून
सगळ्यांचे आभार. कालच्या कॉन्फरन्स कॉलवर मी तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले (नावं गाळून, तिखटाचा नैवेद्य गाळून).

तर ठरलं ते असं. गणपती साताऱ्यातच. वेंगुर्ल्याच्या पाळीची पद्धत घेतली: यंदा आमची, पुढच्या वर्षी धाकट्यांची, मग थोरल्यांची. पाळीवाला चार दिवस आधी जाणार आणि खर्चही त्याचाच. पानं पन्नासवरून वीस. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दर्शनाला बोलवायचं, चहा आणि खिरापत. सोळा भाज्या एकत्र करायला सासूबाईंनी हसून मान डोलावली, म्हणजे होकार असावा.

धाकट्या दिरांना हे पूर्ण पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, बंगळुरातून चार दिवस आधी रजा मिळणार नाही. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "मला कधी मिळाली होती?" मग फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही आणि कॉल संपला.

सासऱ्यांनी मात्र पहिल्यांदा ग्रुपवर लिहिलं. "समईची वात कुठे असते?"

वेंगुर्ल्याचो_झील
😂 शिकतले, शिकतले.

जुनाजाणता
पाळीची पद्धत उत्तम. धाकट्यांना रजा नसेल तर त्यांनी त्यांच्या वर्षी आधीच्या तयारीला गावातला एखादा मदतनीस लावावा आणि पैसे द्यावेत. घर हलत नाही ना, मग माझी तक्रार नाही.

पाटावरवंटा
मुखवटे आणि दागिने कुठे राहणार ते आत्ताच लिहून ठेवा. आमच्याकडे पाळी बदलताना एकदा कनिष्ठेची नथ नाशकात आणि ज्येष्ठेचे कान मुंबईत होते.

मधली_सून
पेटी साताऱ्यातच, किल्ली थोरल्या जाऊबाईंकडे. यादी करायला घेते.

सुगरण_नसलेली
आणि ते निवगऱ्यांचं कुणीतरी नीट सांगा हो. उकड उरते, दरवर्षी टाकवत नाही.

उकडीचा_बळी
उरलेल्या उकडीत हिरवी मिरची-जिरं वाटून, मीठ आणि कोथिंबीर घालून मळा, चपट्या थापा आणि मोदकांच्याच चाळणीत वाफवा. वरून कच्चं तेल किंवा तूप. कळ्या पाडायच्या नाहीत.